काटा लाल रेघेकडे सरकतो तेव्हा

मी एक गाडी आहे. रंग म्हणाल तर एके काळी दुधी, आता कुठला ते तुम्हीच ठरवा. थोडी घाईत बोलतेय, कारण साडेसहा वाजून गेले आहेत आणि मला निघायचं आहे. पण ज्या उन्हाळ्यात मी भंगारात जाता जाता राहिले, त्याची हकिकत कुणाला तरी सांगावीशी वाटते.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यातला. त्या काळी गाडी दुकानातून उचलून आणता येत नसे, नंबर लावावा लागे. सूर्यकांतरावांनी नंबर लावला तेव्हा त्यांचं लग्नही ठरलं नव्हतं. माझा नंबर लागला तेव्हा विनयाताई लग्न होऊन दिल्लीला आल्या होत्या आणि त्यांनीच माझ्या बॉनेटवर कुंकवाची पाच बोटं उमटवली.

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरसमोर एका जांभळाखाली मी सोळा वर्षं उभी राहिले. रोज सकाळी सूर्यकांतराव बनियनवर बाहेर यायचे, बॉनेट उघडायचे, रेडिएटरमध्ये पाणी बघायचे, कमी असेल तेवढं घालायचे आणि फडक्यानं झाकण पुसायचे. देवपूजा एखादे दिवशी चुकली असेल, पण हे चुकलं नाही. शेजारचे मल्होत्राजी म्हणायचे, "भाईसाहब, आप तो इसे बच्चे की तरह दूध पिलाते हैं!"

मग वारं बदललं. रस्त्यांवर नव्या रंगांच्या गाड्या आल्या, टीव्हीवर वाहिन्या आल्या, आणि फरीदाबादच्या एका खासगी कंपनीनं सूर्यकांतरावांना बोलावलं. त्यांनी सरकारी नोकरी सोडली. क्वार्टर सुटलं. फरीदाबादच्या नव्या सेक्टरात आम्ही राहायला गेलो, जिथे घरं आधी आली होती आणि झाडं, दुकानं, बस सगळं अजून यायचं होतं.

सूर्यकांतरावांना न्यायला कंपनीची बस दारात येऊ लागली. मी विनयाताईंच्या वाट्याला आले.

विनयाताई दिल्लीत सरोजिनी नगरच्या एका बालवाडीत शिकवतात. मॅट्रिकनंतर शिकायचं राहिलं ते राहिलंच. पण चार वर्षांच्या रडणाऱ्या मुलाला दोन मिनिटांत गप्प करणं कुठल्या कॉलेजात शिकवतात? ही नोकरी म्हणजे त्यांचं स्वतःचं असं एवढंच काय ते. बसनं जायचं तर तीन ठिकाणी बदलायची. त्यामुळे मी चालले तर नोकरी, नाहीतर नाही.

आणि मी तापायला लागले.

पहिल्यांदा एप्रिलमध्ये, दिल्लीच्या वेशीवरच्या बदरपूरच्या अलीकडे. तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटखालून वाफ निघाली. ताई पदर सावरत उतरल्या. मागचे ट्रकवाले हॉर्न देत होते. त्या दिवशी शाळेला पाऊण तास उशीर झाला. पुढच्या आठवड्यात पुन्हा. त्याच्या पुढच्या आठवड्यात दोनदा.

मला कळत होतं कुठे दुखतंय. छातीच्या मधोमध चोंदल्यासारखं व्हायचं, पाणी पुढे सरकतच नसे. पण सांगणार कशी? माझ्याकडे एक हॉर्न, आणि तोही दुसऱ्यानं दाबायचा.

सेक्टरच्या मार्केटमधल्या मिस्त्रीनं माझ्यातला थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याचं तापमान सांभाळणारी झडप, काढून टाकला. "दिल्ली की गर्मी में इसका क्या काम जी!" दुसऱ्यानं पंख्याचा पट्टा बदलला. तिसरा लांबूनच म्हणाला, "हेड खोलना पड़ेगा," आणि हेड, म्हणजे इंजिनाचं डोकं, या शब्दानं माझ्या चारही चाकांतली हवा गेली.

घरात चौथा मिस्त्री होताच.

"तू क्लचवर पाय ठेवून चालवतेस," सूर्यकांतराव म्हणाले. "माझ्या हातात सोळा वर्षं कधी तापली का?"

"तुमच्या हातात ती आर. के. पुरमच्या सेक्टर चारपासून मंत्रालयापर्यंत जायची. मी तिला रोज अर्धी दिल्ली फिरवते."

"म्हणून तर म्हणतो, सोड आता. कंपनी पगार चांगला देतेय. घरी राहा, पूर्वीचा अभ्यास घे."

"बाबा, प्लीज," बारा वर्षांची पूर्वी दप्तरातून डोकं वर काढून म्हणाली. "माझा अभ्यास बिल्कुल ठीक चाललाय. आई घरी राहिली तर खराब होईल."

ताई हसल्या, पण पोळी लाटताना त्यांचा हात जोरात चालत होता, हे मला खिडकीतून दिसत होतं.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी आम्ही सहाव्यांदा उशिरा पोचलो. मुख्याध्यापिका सुनीतीबाई फाटकातच उभ्या होत्या. "विनयाबाई, मुलं तुमची वाट बघून माझ्या मांडीवर रडतात. सोमवारी पालकांची सभा आहे. त्या दिवशी उशीर झाला, तर सुट्टीनंतर तुमच्या जागी दुसरी बाई बघावी लागेल. मला वाईट वाटतं हो, पण इलाज नाही."

त्याच संध्याकाळी सूर्यकांतरावांनी भंगाराच्या एका दलालाला मंगळवारी मला बघायला बोलावलं.

त्या रात्री मला झोप कसली?

पण ताईंना एक सवय होती. वर्गातलं मूल आजारी वाटलं की त्या लिहून ठेवायच्या: कधी रडलं, काय खाल्लं, अंग कधी गरम लागलं. तसंच त्या तीन आठवडे माझ्याबद्दलही लिहीत होत्या, चौरेघी वहीत. "मंगळवार. आश्रम चौकातल्या गर्दीत पंधरा मिनिटं. काटा मध्यावर. बुधवार. मोकळा रस्ता, पन्नासचा वेग. काटा वर. पाणी गळत नाही." सूर्यकांतराव ती वही पाहून म्हणाले होते, "हिचं प्रगतिपुस्तक काढतेस का?"

शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्या ती वही घेऊन वाटेवरच्या भोगलला तीरथ सिंग मिस्त्रीकडे गेल्या. दाढी पांढरी, बोटं काळी. त्यानं मला हात न लावता आधी सगळी वही वाचून घेतली, म्हणजे ताईंनी वाचली आणि त्यानं ऐकली.

"बहनजी, आप डॉक्टर हैं?"

"नहीं, बालवाडी में पढ़ाती हूँ."

"एक ही बात है." त्यानं मला चालू केलं. काटा चढू लागल्यावर बंद केलं, पंखा थांबला, मग त्यानं रेडिएटरला तळहात लावून बघितलं. "आप भी देखिए. ऊपर दूर से ही. नीचे हाथ लगाइए."

ताईंनी हात पुढे नेला. वर धग. मध्ये आणि खाली गार. त्या पुटपुटल्या, "कपाळ तापलेलं आणि पाय थंड."

"बस. खड़ी हो तो थोड़े पानी में काम चल जाता है. दौड़े, तो ज़्यादा माँगती है. रास्ता ही बंद है, तो मिले कैसे?" मी निवाल्यावर त्यानं नळी सोडवली. आत पांढरा, कडक थर. "पानी कौन-सा डालते हैं?"

"घर का."

"घर कहाँ?"

"फरीदाबाद."

तीरथ सिंगनं तो थर नखानं खरवडून दाखवला. ताई माझ्या मागच्या सीटकडे बघत राहिल्या. तिथे गोड्या पाण्याचे दोन कॅन होते, शाळेच्या नळावरून भरलेले. नव्या घरी बोअरचं पाणी खारं. त्यात तूरडाळ शिजत नाही, पातेल्याला पांढरी पुटं चढतात, म्हणून स्वयंपाकासाठी त्या रोज हे कॅन नेत होत्या. माझ्याच सीटवरून. आणि रोज सकाळी सूर्यकांतराव न चुकता, झाकण पुसून, तेच खारं पाणी मला प्रेमानं पाजत होते. गोडं पाणी गाडीत ओतायचं, हे कुठल्याही मराठी घरात कुणाच्या मनात येईल?

शनिवारी रेडिएटर उतरवला गेला. नळ्यांतून सळ्या फिरल्या. मी ओरडले असते, पण बरंही वाटत होतं. थर्मोस्टॅटही परत बसला. तीरथ सिंगनं बजावलं, "हेड बच गया, शुकर करो. आगे से मीठा पानी."

घरी ताई एवढंच म्हणाल्या, "अहो, पाण्यामुळे होत होतं."

सूर्यकांतरावांनी माझं बॉनेट उघडून झाकणावर हात ठेवला. "म्हणजे मीच..."

"आपल्याला कुठे ठाऊक होतं?"

"तुझ्या वरणाला ठाऊक होतं, मला नव्हतं," ते म्हणाले. मग स्वयंपाकघरात गेले, भरलेला कॅन उचलून आणला आणि सोमवारच्या प्रवासासाठी मला काठोकाठ पाणी पाजलं.

"बाबा, मग आज वरण?" पूर्वी ओरडली.

"आज उपमा खा. आणि तो दलालाचा नंबर कुठे लिहिलाय ते शोध. त्याला येऊ नको म्हणून सांगायचंय."

सोमवारी ताईंनी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की मला त्यांच्या बोटांची नाडी लागत होती. बदरपूर. काटा वर सरकला. मोकळा रस्ता. अजून थोडा वर. ताईंनी श्वास धरला. मीही. काटा मध्यावर आला आणि तिथेच थांबला. आश्रम चौक गेला, मेडिकलचा चौक गेला, तरी तिथेच. ताईंचा मात्र विश्वास बसेना, दर मिनिटाला नजर तिकडे.

आम्ही प्रार्थनेच्या आठ मिनिटं आधी पोचलो. सुनीतीबाईंनी घड्याळ पाहिलं. "आज काय, रात्री शाळेतच झोपलात का?" असं म्हणून त्यांनी स्वतः फाटक उघडलं.

याला आता दोन वर्षं झाली. माझा मागचा उजवा दरवाजा आतून उघडत नाही, पत्र्याला गंज धरलाय. रस्त्यावरच्या नव्या गाड्या माझ्याकडे बघून नाक मुरडतात. मला त्याचं काही वाटत नाही. फक्त एक मागणं आहे. आमच्यातली एखादी तापली, तर आधी तिच्या वयाला बोल लावू नका, चालवणारीलाही लावू नका. कधी तापते, कुठे तापते, काय पिते, एवढं विचारा. हात लावून बघा. भंगारवाला काय, कधीही येतो.

आणखी सांगितलं असतं. पण पायऱ्यांवर चपला वाजल्या, चावी दारात शिरली. सात वाजायला वीस मिनिटं. बदरपूरला गर्दी होईल. ताई बसल्या.

चला, येते मी. वर्गात पस्तीस मुलं आहेत.