एका डोळ्यापुरती दुर्बीण

चष्मेवाल्यांची एक खोड होती. भिंग हातात आलं की त्यातून पलीकडे बघायच्या आधी ते भिंगातच खोट शोधायचे. पस्तीस वर्षं काच घासण्यात आणि फ्रेममध्ये बसवण्यात गेलेली, खोड जायची कशी? जेवायला बसले तरी पेला आधी उजेडात धरून बघत. लोक पाठीमागे हसायचे, पण चष्मा करायचा तर त्यांच्याकडेच यायचे. हाताला गुण होता, त्यात वाद नाही.

आणि नशीब बघा, नेमकी अशा माणसाच्या बायकोची दृष्टी जावी! बायको भूगोलाच्या बाई, निवृत्त होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. डाव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजून गेला होता आणि आता उजव्यानेही तोच रस्ता धरला होता. कडेकडेचं दिसायचं, समोरचं पुसलं जायचं. यावर चष्मा नाही. "सहा महिने म्हणा, वर्ष म्हणा," डॉक्टर म्हणाले, "जे बघायचं असेल ते बघून घ्या." गावभर लोकांचे नंबर काढणारा माणूस हे ऐकून खाली मान घालून बसला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आणखी वेगळा काय असतो?

परत येताना वाटेत बाईच बोलल्या. "अहो, मला शनीचं कडं बघायचंय."

"काय?"

"तीस वर्षं फळ्यावर काढत आले. मुलं विचारायची, बाई, तुम्ही खरं खरं बघितलंय का? मी म्हणायचे, पुढचं पान काढा." मग त्या हसल्या. "दुर्बिणीला एकच डोळा लागतो ना? माझ्याकडे एक आहे अजून. लोकांच्या मागे शनी लागतो, आपण शनीच्या मागे लागू."

दुसऱ्याच दिवशी चष्मेवाले दुर्बिणीच्या दुकानात हजर. एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर तिशीतली एक तरुणी ते दुकान चालवायची. तिनं आधी विचारलं, कुणासाठी हवी आहे. सगळं ऐकून घेतलं आणि एक छोटी, काखेत मारून नेता येईल अशी दुर्बीण पुढे केली.

"काका, पहिलीच दुर्बीण आहे, मोठीच्या नादी लागू नका. जी उचलून बाहेर ठेवायचा कंटाळा येत नाही ती चांगली. फक्त तिवई घट्ट पाहिजे, नाहीतर शनी नाचत बसतो."

अंधार पडायला लागला होता. तिनं गच्चीवर नेऊन पूर्वेला दुर्बीण लावून दिली. चष्मेवाल्यांनी डोळा लावला. शनी होता, त्याच्याभोवती कडं होतं. इवलंसं, पण गोळ्यापासून सुटं, लख्ख. दुसरा कुणी असता तर हरखून गेला असता. यांना आधी दिसली ती कडेची जांभळट झालर.

"रंग फुटतोय," ते म्हणाले.

"थोडा फुटतोच, काका. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. आज घेऊन जा, काकूंना दाखवा. नाही पटली तर परत आणा. शनी आणखी चारेक महिने संध्याकाळी दिसेल, मग सूर्याआड जाईल."

"तिला आयुष्यात एकदाच बघायचंय. ते असलं बघायचं?"

घरी बाई दारातच उभ्या होत्या. "आणलीत?"

"नाही. धड नव्हती."

"कडं दिसलं का पण?"

"नाही," चष्मेवाले म्हणाले आणि हात धुवायला आत गेले.

जांभळं कडं म्हणजे काही खरं कडं नव्हे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली असेल. काही का असेना, बायकोशी ते खोटं बोलले.

मग सुरू झाला शोध. एक आरशाची दुर्बीण आणली, तिच्या आरशाची कड उतरलेली निघाली, परत केली. दुसरीचं भिंग बरं होतं तर तिवई हलायची. महिनाभर तिवई दुरुस्त करण्यात घालवला आणि शेवटी तीही परत गेली. दर रविवारी ते बाईंपुढे चौकटीच्या वहीचा कागद ठेवायचे. मधल्या ठिपक्याकडे बघून जे चौकोन दिसत नाहीत ते बाई पेन्सिलीने अंदाजाने भरायच्या. आधी चार भरले. मग अकरा. मग तळहाताएवढा काळा डाग होऊ लागला.

"अहो, ती पहिली छोटी चालली असती की," बाई एकदा म्हणाल्या.

"चालायला ती काय चप्पल आहे?"

बाई हसल्या. पुढे त्यांनी दुर्बिणीचं नाव काढणं सोडून दिलं. आता या माणसाला काय म्हणावं? माया होती, नाही कोण म्हणतं! पण मायेनंही कधीतरी घड्याळाकडे बघावं.

शेवटी लांबून मागवलेली, तीन भिंगांची दुर्बीण आली तेव्हा शनी पश्चिमेला कलला होता. आली त्या दिवशी तरी दाखवावी? नाही. तीन संध्याकाळी चष्मेवाले एकटेच गच्चीवर खुडबुडत बसले. "मी येऊ का?" बाईंनी जिन्यातून विचारलं. "थांब गं, अजून जरा बसवायचंय," वरून उत्तर आलं.

चौथ्या संध्याकाळी त्यांनी बाईंना हाताला धरून वर नेलं, खुर्चीवर बसवलं, डोळा भिंगाशी टेकवून दिला.

"दिसतंय?"

"उजेड आहे कडेला. नीट बघायला गेलं की जातो."

चष्मेवाल्यांनी स्वतः बघितलं. शनी बरोबर मधोमध होता. रंगाची एक रेघ नाही, कड्यातली काळी फटसुद्धा स्पष्ट. इतकी निर्दोष काच त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. "आहे गं, समोरच आहे," ते म्हणाले. बाईंनी मान तिरकी करून बघितलं, डोळा मिटून उघडून बघितलं, पुन्हा पुन्हा बघितलं. मग त्या मागे टेकून बसल्या.

"एक विचारू? त्या दिवशी दुकानात तुम्हाला कडं दिसलं होतं ना?"

अजूनही नाही म्हणता आलं असतं.

"दिसलं होतं," ते म्हणाले.

"स्वच्छ?"

"स्वच्छ. फक्त कडेला जरा जांभळा रंग होता."

"मला तो रंग दिसलाही नसता हो," बाई म्हणाल्या.

"मला वाटलं, तुला सगळ्यात चांगली..."

"माहीत आहे मला. म्हणून तर रागवताही येत नाही."

डॉक्टरांकडे न रडलेल्या बाई आता पदर तोंडाला लावून रडल्या. चष्मेवाल्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बाईंनी तो झटकला नाही, धरलाही नाही. थोड्या वेळानं त्या उठल्या आणि भिंत चाचपत एकट्याच जिना उतरू लागल्या. चष्मेवाले "थांब, मी येतो" म्हणाले, तर खालून आवाज आला, "राहू द्या. सवय करायलाच हवी आता."