सातमाशी

"सातव्या महिन्यात झाली म्हणता, मग दोन महिने वजा करू," डॉक्टर प्रतिमा म्हणाल्या. "आज दहा महिन्यांची आहे, म्हणजे आठ धरायचे. आधाराशिवाय बसत नाही, पण स्वल्प थांबून बघू. दोन महिन्यांनी या."

पद्मावतीबाईंनी नातीला, शिवलीलेला, खांद्यावर घेतलं. राजाजीनगरच्या या दवाखान्यात त्या एवढंच ऐकायला आल्या होत्या.

"सातमाशी आहे म्हणून थांबतेय हं," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाल्या. "पूर्ण दिवसांची असती, तर आजच्या आज व्यायाम सुरू केले असते."

पद्मावतीबाईंचा पाय उंबऱ्यातच अडकला.

पोर सातमाशी नव्हतीच. नऊ महिने भरून वर चार दिवस गेले, तेव्हा जन्मली होती; आणि वजन भरलं एक किलो नऊशे. बारशाला बायका पाळण्यात डोकावल्या, तशी पद्मावतीबाईंनीच थाप ठोकून दिली होती, "सातमाशी आहे, नजर लावू नका." दिवस भरलेलं पोर एवढंसं, म्हणजे सासूनं सुनेला उपाशी ठेवलं, असं बोलायला बायका मोकळ्या. आणि बोलल्या असत्या तर काय खोटं होतं? "जास्त खाशील तर मूल पोसेल नि बाळंतपणात अडशील," म्हणत सुनेच्या, संयोगिताच्या, ताटातला रागीमुद्देचा, नाचणीच्या उकडीचा, दुसरा गोळा त्यांनीच रोज काढून घेतला होता. त्यांच्या सासूनं त्यांच्या ताटातला काढला होता, तस्साच.

संयोगिताला पीण्या भागातल्या कारखान्यातून रजा मिळाली नव्हती. सकाळी निघताना ती सासूला म्हणाली होती, "अत्ते, तिथं खरं सांगा हं."

"मला शिकवू नकोस," असं सुनावून पद्मावतीबाईंनी जन्माचे कागद मुद्दाम घरीच ठेवले होते.

आणि इथं वजनकाट्यापाशी नर्स म्हणून उभी कोण, तर गल्लीतली विद्या. तिच्या आईच्या कानात पडलेली गोष्ट गल्लीतून पार लांबच्या बसवनगुडीला पोचायला दुपारसुद्धा लागत नसे.

शिवलीलेची मान खांद्यावर कलंडली. पद्मावतीबाई वळल्या आणि खुर्चीत येऊन बसल्या.

"आणखी काही, आजी?"

"वजा करू नका."

"काय?"

"ते दोन महिने. पोर पूर्ण दिवसांची आहे."

विद्याचा हात काट्यावरच राहिला. "पण अक्का, बारशाला तर तुम्ही..."

"बारशाला खोटं बोलले. आता खरं बोलतेय, ते ऐक."

डॉक्टरांनी पेन खाली आपटलं. "अहो, मी तिला दोन महिने तशीच घरी पाठवत होते!"

"पाठवत होतात, म्हणून तर परत बसले." त्यांचा आवाज खाली आला. "मी तिच्या आईचं ताट कमी केलं होतं. त्यानं झालं का हे?"

"एकट्या त्यानंच झालं असं नाही म्हणणार. कधी वारेतूनच बाळाला पोषण कमी मिळतं. पण त्यानं भलं खचित झालं नाही." चाळीस वर्षांत पद्मावतीबाईंना असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. "दिवस भरूनही लहान जन्मलेली पुष्कळ मुलं सावरतात, आजी. पण बसणं, बोलणं मागे पडतंय असं दिसलं, की वाट बघत बसायचं नसतं. रोज व्यायाम, नीट खाणं, तिच्याशी भरपूर बोलणं. आणि दर महिन्याला इथं यायचं."

"बोलण्यात मी कमी पडणार नाही."

कोपऱ्यात चटई अंथरली गेली. विद्यानं ओठ घट्ट मिटून घेतले होते.

"विद्या, पोटात मावत नाहीये ना तुझ्या? घरी जाऊन सांग आईला. सगळं सांग, काही गाळू नकोस. पण आधी हिला कुठं धरायचं ते दाखव."

"तिथं नाही अक्का, खाली. कमरेला." विद्यानं त्यांचे हात धरून खाली सरकवले. "आता सैल सोडा. घाबरू नका."

शिवलीला डुलली, क्षणभर ताठ राहिली आणि डावीकडे आजीच्या मनगटावर कोसळली.

"परत," पद्मावतीबाई म्हणाल्या.