चाकाची गुणगुण

"आता?" आमच्या ह्यांनी आरशातून विचारलं.

मी मागच्या सीटवरून त्यांच्या खांद्यावर बोटं दाबली. थोडीच. गाडीने वेग घेतला तशी आणखी दाबली. पुढे त्यांच्या शेजारी नर्सबाई बसली होती, गाडी तिची. तिने वळून माझ्या हाताकडे बघितलं आणि हसली.

"काकू, या वयातही काकांचा खांदा सोडवत नाही म्हणायचं!"

"नजर लावू नका," मी म्हटलं.

ती बिचारी लाजून खिडकीबाहेर बघायला लागली. तिला काय सांगणार? खरी गोष्ट अशी, की दोन वर्षांपासून ह्यांचे कान गेले होते. समोर उभं राहून बोललं की ओठ वाचायचे, मागे असलं तर आरशात वाचायचे, आणि उरलेलं अंदाजाने. पण गाडी काय ओठ हलवून बोलते? एके काळी फाटकाशी गाडी वळली की हे जेवता जेवता सांगायचे, "पाण्याचा पंप गेलाय हिचा." तो कान गेला. मग घरात उरलेला शहाणा कान म्हणजे माझा.

तेव्हा ही रीत आम्हीच काढली. गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं की मी पण मागे बसून फेरीला जायचं. आवाज वाढला की बोटं दाबायची, उतरला की सैल सोडायची. परत आलो की मी सांगायचं आवाज कुठून येतो ते, आणि ह्यांनी गाडी उघडायची. तिसरीत शाळा सोडली मी. पण एवढी अक्कल शिकलेल्यांना तरी सुचली असती का?

नर्सबाईच्या गाडीचा आवाज वेगळाच होता. खडखड नाही, करकर नाही. भिंतीपलीकडे कुणी तोंड मिटून गाणं म्हणतंय असा. गाडी धावायला लागली की सुरू व्हायचा आणि वेगाबरोबर चढायचा. दुपारचं ऊन काचेतून मांडीवर पडलं होतं, रस्ता मोकळा, आणि ती गुणगुण. मला आपली आई आठवली. आम्हांला झोपवताना ती असंच घशातल्या घशात काहीतरी म्हणायची, शब्द कधी कळलेच नाहीत. डोळे जड झाले. गाडी डावीकडे वळली तेव्हा गुणगुण एकदम भरून आली, आणि माझी बोटं झोपेतच दाबली गेली. उजवीकडे वळली तेव्हा ती पातळ झाली. मग ह्यांनी गिअर काढून गाडी नुसती घरंगळू दिली. इंजिन शांत झालं, तरी गुणगुण चालूच. मी बोटं होती तशीच ठेवली.

"गिअरबॉक्स नाही," हे हळूच म्हणाले.

नर्सबाईने सुस्कारा सोडला. मोठ्या वर्कशॉपात तिला गिअरबॉक्स गेला म्हणून सांगितलं होतं. गाडी जुनी, तेव्हा आता भंगारात काढा. ती याच गाडीतून घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची ड्रेसिंग करायची. भंगारात काढून काय पायी जाणार होती?

तिची धाकधूक तिच्यापाशी. माझी निराळीच होती. त्या मोठ्या वर्कशॉपात आमचा मुलगा कामाला आहे. गाडीला मशीन जोडून रोग शोधतो. सकाळीच घरी आला आणि चहा घ्यायच्या आधी म्हणाला, "आई, बाबांना ऐकू येत नाही हे मला कळत नाही असं वाटतं का तुला? परवा ते गाडीखाली होते. चार हाका मारल्या मी. उद्या कुणी गाडी चालू केली तर?"

माझी जीभ आहेच, ती सुटली. "आज नर्सबाईची गाडी येणार आहे. तुमच्या मशीनला जमलं नाही ते हे शोधतील. चुकले, तर मी स्वतः त्यांना गॅरेजचं शटर कायमचं ओढायला सांगेन. सुट्टी आहे ना तुला? ये बघायला."

बोलून बसले. ह्यांना शटर ओढायला सांगायचं म्हणजे, आजपासून श्वास जरा कमी घ्या, असं सांगायचं.

आम्ही परत आलो तेव्हा मुलगा हाताची घडी घालून दारात उभा होता. बापासारखाच उभा राहतो. मी उतरले, ह्यांच्यासमोर गेले आणि ओठ नीट हलवून सांगितलं, "डावं. पुढचं डावं चाक." मला शंकाच नव्हती. सगळी गुणगुण डावीकडून येत होती.

ह्यांनी मान हलवली. मग जॅक उचलला आणि सरळ जाऊन उजव्या चाकाजवळ लावला.

मी खोकले. तोंडावर नाही, पाठीमागून. मग बाकावरचा पाना खाली टाकला, ठण्णकन. ज्याला ऐकू येत नाही त्याच्या पाठीमागे पाना टाकणारी शहाणी मीच!

"आई," मुलगा हळू आवाजात म्हणाला, "तू डावं म्हणालीस ना?"

"त्यांना कळतं काय करायचं ते," मी म्हटलं.

ह्यांनी चाक उचललं. एका हाताने ते फिरवलं, आणि दुसरा हात चाकावरच्या स्प्रिंगवर ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. डोळे मिटले. चाक फिरत राहिलं. ह्यांचा चेहरा असा झाला, की हे गॅरेजात नव्हतेच, कुठेतरी लांब पाण्याखाली होते आणि तिथे निवांत होते.

मग डोळे उघडून त्यांनी मुलाला बोलावलं. "हात ठेव."

त्याने ठेवला. ह्यांनी चाक फिरवलं. मग डाव्या चाकापाशी नेऊन, तेही जॅकवर उचलून, तेच. मग परत उजव्या.

"डावं लोण्यासारखं आहे," मुलगा म्हणाला. "याच्यात वाळू आहे."

"चाकातलं बेअरिंग गेलंय," हे म्हणाले.

"मशीनवर हे आलं नाही, बाबा."

"मशीनला हात आहेत का?" मी मध्येच टाकलं. जीव परत आला होता.

पण पोरगा बापाचाच. बापासमोर येऊन उभा राहिला, ओठ दिसतील असा. "आणि परवा? तुम्ही गाडीखाली होतात, मी चार हाका मारल्या. कुणी चालू केली असती तर?"

"झालीच नसती. बॅटरीची तार सोडल्याशिवाय खाली जात नाही मी. दोन वर्षं झाली." हे थांबले. "चार हाका मारल्यास. बॉनेट उघडून बघितलंस का?"

पोरगा बाही वर सारून चाकाचे नट काढायला बसला. दोघांच्या पाठी सारख्याच दिसत होत्या. माझं वचन कुणी काढलं नाही, मी तर मुळीच नाही.

नवीन बेअरिंग आणायला मुलगा गेला, नर्सबाईने फोनवर कुठल्या तरी आजोबांना उशीर होईल म्हणून कळवायला घेतलं. तेवढ्यात मी ह्यांना गाठलं. "मी डावं म्हटलं होतं. माझं ऐकलं का नाही?"

"ऐकलं की," हे म्हणाले. "डाव्या वळणावर तू खांद्यात बोटं रुतवलीस. डावीकडे वळलं की गाडीचा भार उजव्या चाकावर पडतो. बोटांनी उजवं सांगितलंस, तोंडाने डावं. मी बोटांचं ऐकलं."

"पण आवाज डावीकडून येत होता! मला काय कळत नाही?"

ह्यांनी काढलेलं जुनं बेअरिंग फडक्याने पुसलं. माझ्या मागे आले, पदर बाजूला केला आणि ते माझ्या उजव्या कानाशी धरलं. बोटं हलताना दिसली.

"फिरवा ना," मी म्हटलं.

ते फिरवतच होते. बेअरिंग डाव्या कानाशी आणलं. खर्रर्र. ओला रेताड किनारा पायाखालून सरकावा तसं.

परत उजव्या कानाशी. बोटं फिरत होती, आणि काहीच नव्हतं. नुसतं धुकं.

"सहा महिने झाले," हे म्हणाले. "सगळ्याच गाड्यांचा आवाज डावीकडून यायला लागलाय तुला."

मी त्यांच्याकडे वळले. बाकावर बसले. म्हणजे सहा महिने मी चुकीचं सांगत होते आणि हा माणूस मान हलवून बरोबर करत होता? आणि मी स्वतःशीच घरातला शहाणा कान म्हणून मिरवत होते!

"सांगितलं का नाही?"

"तू कुठे सांगितलंस कुणाला माझं?" हे म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

नवीन बेअरिंग बसलं. ग्रीस भरलं, त्यावरची टोपी ठोकली. शेवटची फेरी मारायची होती. मी नर्सबाईला म्हटलं, "तुम्ही मागे बसा." आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या गाडीत ह्यांच्या शेजारी बसले. तिथे माझा उजवा कान त्यांच्याकडे.

गाडी सायीवरून सरकावी तशी निघाली. उन्हं कलली होती, झाडांच्या सावल्या काचेवरून वाहत होत्या. मागून नर्सबाई म्हणाली, "गेला की हो आवाज!" मी तिच्याकडे वळून मान हलवली.

हे रस्त्याकडे बघत काहीतरी बोलत होते. काय, ते मला कळलं नाही. मग मी पण बोलायला लागले. आईचं सांगितलं, घशातल्या घशात ती काय म्हणायची ते. त्यांना ऐकू जाणार नव्हतं. त्यांची नजर समोर होती, त्यामुळे ओठही दिसत नव्हते. ते मान हलवत होते, मी मान हलवत होते. मागे नर्सबाई एकदा ह्यांच्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे, आणि परत फिरायचं वळण येऊन गेलं तरी कुणीच गाडी वळवली नाही.