बरं म्हणजे काय?

खोकी बनवणाऱ्या बाईला कुणी विचारू नये, तुझ्या आत काय आहे म्हणून. आम्ही खोकं रिकामंच देतो, भरायचं काम गिऱ्हाइकाचं. हे मी त्या समुपदेशक बाईंना पहिल्याच भेटीत ऐकवलं. विनोद बरा होता. त्या हसल्या नाहीत.

त्यांच्याकडे मला माझ्या धाकटीनं ढकललं. धाकटी म्हणजे माझी बहीण. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा हा कारखाना आम्ही दोघींनी मिळून काढला. मशीन, माल आणि माणसं माझ्याकडे, गिऱ्हाइकं आणि खोक्यांवरची चित्रं तिच्याकडे. डॉक्टरांनी माझं ब्लडप्रेशर बघून भुवया उंचावल्या, तशी ती हात धुऊन मागे लागली. "ताई, तुला काय वाटतं ते तुझं तुलाच कळत नाही. उद्या मटकन खाली बसशील आणि म्हणशील, बरं आहे."

"बरं," मी म्हणाले, "जाते."

बाईंनी सवयी लावायला सांगितल्या. उठल्याउठल्या फोन बघायचा नाही. जेवताना समोर ऑर्डरचे कागद नकोत. हे जमलं. तिसरी सवय मात्र डोक्याला ताप होती. सकाळ, दुपार, संध्याकाळ फोनवर गजर लावायचा, आणि तो वाजला की हातातलं काम सोडून आत्ता काय वाटतंय ते एका शब्दात मोठ्यानं म्हणायचं. "आणि 'बरं' चालणार नाही," बाई म्हणाल्या. "'ठीक'सुद्धा नाही." म्हणजे माझा अख्खा शब्दकोशच जप्त! फी भरून मी स्वतःच्याच गळ्यात घंटा बांधून घेतली.

कारखान्यात काही लपत नाही. गजर झाला की मशीनवरचे तात्या ओरडायचे, "ताई, भावना वाजली!" खळ लावणाऱ्या मावशी ब्रश हवेत धरून थांबायच्या. मी म्हणायचे, "भूक." नाहीतर, "झोप." एकदा म्हणाले, "उकाडा."

"ही भावना नाही, हे हवामान झालं," तात्या म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले, म्हणजे तोंड हसलं. आत जाऊन बघावं तर तिथे काहीच नाही. दिवसभर मी आरडाओरडा करते, लोक म्हणतात हिच्या नाकावर राग आहे. कसला राग? ती नुसती घशाची सवय. दात काढून आल्यावर आपलाच गाल हाताला परका लागतो ना, तसं चाललं होतं माझं.

एका दुपारी धाकटी माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. बसली नाही. मी नव्या खोक्याचा नमुना बघत होते. पुठ्ठा मुडपायच्या आधी त्यावर मशीननं रेघ दाबावी लागते. रेघ उथळ पडली की घडीवर वरचा कागद फुटतो. हा फुटला होता.

"ताई, ताकाला जाऊन भांडं लपवत नाही," ती म्हणाली. "एका मोठ्या कंपनीनं बोलावलंय मला. दुसऱ्या शहरात. डिझाइनचा सगळा विभाग माझ्याकडे देणार आहेत. महिनाअखेरीपर्यंत हो की नाही ते कळवायचंय."

"बरं," मी म्हणाले.

"बरं म्हणजे काय?"

"म्हणजे बरं. चांगलंच आहे की."

"मग जाऊ मी?"

"तुझं तू ठरव बाई. मी कोण अडवणार?"

तिनं नमुना माझ्या हातातून काढून घेतला. "तुझंही या पुठ्ठ्यासारखंच आहे. रेघ म्हणून पडलेली नाही कुठे. वाकायची नाहीस, एकदम फुटशील." मग तात्यांकडे जाऊन तिनं नव्या पुठ्ठ्यावर रेघ खोल पाडून आणली आणि तो नमुना माझ्यापुढे ठेवला. छान मुडपला.

त्या दिवसापासून गजर झाला की ती तिच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहायची. मी "भूक" म्हणाले की परत आत.

"ताई, ती तुमच्या तोंडाकडे बघत असते हो," मावशी एकदा हळूच म्हणाल्या. "थांब म्हणा की तिला."

"म्हणायला तसं वाटायला तर हवं!" मी खेकसले.

खोटं नव्हतं ते. रोज आत शोधत होते, हाताला काही लागत नव्हतं. बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "वाटत नसेल तर तेच सांगा बहिणीला. वाटत नाही याची भीती वाटते का, तेही बघा." बघते म्हणाले आणि मूग गिळून बसले. अशी कशी सांगू, की तू चाललीस आणि मला काहीच होत नाही?

महिना संपला. धाकटीनं तिचे रंग, पट्ट्या, कात्र्या आमच्याच एका खोक्यात भरल्या. बाहेर गाडी उभी होती. मी टेप लावायला पुढे झाले, तर टेपचं टोकच सापडेना. नखानं खरवडत बसले. आयुष्य गेलं टेप लावण्यात, आणि आज बोटं ऐकेनात.

"आण इकडे," धाकटी म्हणाली.

"जाऊ नकोस," मी म्हणाले.

माझाच आवाज ऐकून मी दचकले. तिनं माझ्याकडे बघितलं. मग टेप घेतली, टोक सोडवलं, खोकं बंद केलं.

"बरं," ती म्हणाली.

मला हायसं वाटलं. वेड्यासारखं हायसं वाटलं. आणि तिनं खोकं काखेत मारलं.

"बरं म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे ऐकलं, ताई. मी हो कळवून टाकलंय. महिनाभर उभी होते ना दारात." ती रागावलेली नव्हती. चिडली असती तर भांडले असते मी, भांडायला येतं मला. तिनं मोकळ्या हातानं माझा गाल थोपटला. "येते."

तो हात मला लागला. चांगला गरम लागला. गाडी गेल्यावरही तिथेच होता.

तेवढ्यात गजर झाला. तात्यांनी मशीन बंद केलं, पण ओरडले नाहीत.

"दुखतंय," मी म्हणाले.

मावशी ब्रश खाली ठेवून लगबगीनं आल्या. "अगं बाई! कुठं दुखतंय ताई?"

मी धाकटीच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.