गोपालकाल्याची सुट्टी

उषाबाईने शटर खाली ओढले, वाकून कुलूप लावले आणि चावी पदराच्या टोकाला बांधली. गाठ घट्ट बसली की नाही, तेही ओढून पाहिले.

"आता फोन द्या."

"फोन कायले?"

"द्या म्हणतो नं जी."

नत्थूने खिशातून फोन काढून तिच्या हातावर ठेवला. अंगात धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, हातात बापाचे टाळ. सगळा थाट कीर्तनाला निघाल्याचा होता, पण डोळे शटरखालच्या फटीत अडकले होते. आत म्हाताऱ्या आनंदाबाईची पाण्याची मोटर पोट उघडून पडली होती. जळकी तार काढून झाली होती, नवी भरायची होती.

"तिचा धान लोंबीवर आहे," तो म्हणाला. "बांधीत पाणी नाही चढलं तं सारा पोचट जाईन."

"सारा कार्तिकाचा सप्ताह तुमी भोंग्यातूनच आयकला. आज गोपालकाला आहे. आज देवाचं, मंग आनंदाबाईचं. चाला."

वरठीच्या कारखान्यात होता तेव्हा नत्थूचा गोपालकाला कधी चुकला नव्हता. सप्ताह बसला की तो चंद्रकुमार साहेबांपुढे जाऊन हात जोडायचा. साहेब म्हणायचे, "तुझा देव मोठा हुशार रे नत्थू. बरोबर माझ्याच पाळीत येतो." कुरकुरायचे, पण सुट्टी द्यायचे. ते हात जोडणे मात्र नत्थूच्या मनाला खायचे. देवाच्या दारी जायला माणसाची परवानगी कशाला? शेवटी त्याने नोकरी सोडली, घराच्या पुढच्या खोलीला शटर बसवले आणि जळालेल्या मोटरी भरून द्यायचा धंदा सुरू केला. आता सुट्टी मागावी असा कोणी उरला नाही. 'जा' म्हणणाराही कोणी उरला नाही, हे ध्यानात यायला मात्र वेळ लागला.

सुरुवातीला तो नुसता मोकाट सुटला. सकाळी मारुतीच्या पारावर टेकला की ऊन डोक्यावर येईस्तोवर उठायचा नाही. कोण विचारणार? मग गिऱ्हाइके दारात येऊन बसली की जेवणावरून उठायचा. कसे नाही म्हणणार? उषाबाईने पाटी रंगवून घेतली, दुपारी दुकान बंद राहील म्हणून. पहिल्याच दुपारी परसराम खांद्यावर मोटर घेऊन मागच्या दाराने थेट चुलीपाशी आला.

"पाटी तं परक्या लोकायसाठी असन नं, नत्थूभाऊ?"

नत्थूने हातातला घास ताटात ठेवला. 'नाही' हा शब्द त्याच्या ओठापर्यंत यायचा आणि बाहेर पडताना 'आन इकडं' होऊन जायचा. समोरचा माणूस वाईट नव्हता, हीच अडचण होती.

मंडपात टाळकऱ्यांच्या रांगेत त्याची जागा मोकळीच ठेवलेली होती. मृदंगाला कणीक थापत मंगरू हसला.

"आले बावा मालक! महाराज, आता होऊ द्या सुरू."

नत्थूने माती कपाळाला लावली आणि उभा राहिला. पहिला ठेका पडला, टाळ बोटांत जागे झाले आणि त्याच्या छातीतले काहीतरी सैल झाले. महाराजांचे त्याला एक फार आवडायचे. धृपद एकदा धरले की महाराज कुठल्या कुठे निघून जायचे. गोकुळात जायचे, द्वारकेत जायचे, पार आपल्या तळ्यावरच्या मासोळीच्या भांडणापर्यंत यायचे. ऐकणाऱ्याला वाटावे, हरवले आता. तेवढ्यात मृदंगावर थाप पडायची आणि महाराज अलगद त्याच धृपदावर उतरायचे. इतका मोकळा माणूस, आणि इतका बांधलेला. हे जमते कसे, ते नत्थूला कधीच कळले नव्हते.

"गोपाळांनी गाई वळायच्या पाळ्या लावल्या होत्या," महाराज सांगत होते. "आज पेंद्याची, उद्या सुदाम्याची. देवाची मात्र पाळी नव्हती हो! ज्याची गाय लांब गेली त्यानं हाक मारायची, आणि देवानं हातातला घास टाकून पळायचं!"

मंडप हसला. नत्थूही हसला, आणि त्याचा टाळ ठेक्याच्या मागे पडला. मंगरूने तिरके पाहिले.

देवाला कधी कंटाळा आला नसेल का? हे मनात आले म्हणून त्याने गालावर हळूच चापट मारून घेतली. नजर वर केली तर मंडपाच्या कडेच्या बांबूजवळ आनंदाबाई उभी होती. पाय गुडघ्यापर्यंत मातीने भरलेले, लुगडे खोचलेले. ती कोणाला तरी शोधत असल्यासारखी माणसांतून नजर फिरवत होती. नत्थू दिसताच तिचे डोळे थांबले. तिने हात जोडले आणि बांबूला टेकून खाली बसली.

हात देवाला जोडले की त्याला, ते कळले नाही. पण तसे हात नत्थूच्या ओळखीचे होते. साहेबांच्या टेबलापुढे तोही असाच उभा राहायचा. बिचारी बंद शटर पाहून इथवर आली असणार.

त्याने टाळ शेजारच्याच्या हातात दिले, भुईला हात लावला आणि वाकून रांगेतून बाहेर पडला. बायकांच्या बाजूला जाऊन उषाबाईपुढे तळहात धरला. तिने आधी पाहिलेच नाही. मग पाहिले.

"दहीहंडी तं फुटू द्या."

"आनंदाबाई येऊन बसली आहे."

उषाबाईने चावीची गाठ सोडायचा प्रयत्न केला. सकाळी फारच घट्ट मारली होती. शेवटी दाताने सोडावी लागली.

दुकानात शिरून त्याने शटर अर्धेच वर घेतले. लाकडी साच्यावर तार गुंडाळू लागला. ओठांत वेढे मोजणे, कानात भोंगा. महाराज पुन्हा धृपदावर आले होते. मग एकदम गलका उठला, जयघोष झाला. हंडी फुटली होती. नत्थूचे डोळे आपोआप मिटले, हात कपाळाशी गेला. डोळे उघडले तेव्हा मोजणी हरवली होती. त्याने तार उलगडली आणि पहिल्यापासून धरली.

दोघी आल्या तेव्हा तो मोटरीच्या खाचांत तार बसवत होता. उषाबाईच्या हातात पळसाच्या पानाचा द्रोण होता.

"तू उठून कुठं गेलता रे?" आनंदाबाईने दारातूनच विचारले. "तुले टाळ घेऊन उभा पाहिलं, म्हटलं, नत्थूले फुरसत भेटली तं आपल्यालेही भेटली. धनी गेल्यापासून गोपालकाला आयकलाच नव्हता मी. आज पोट भरून आयकला."

"मले वाटलं, माय, तू मोटरसाठी येऊन बसली."

"मोटर?" म्हातारी हसली. "या हप्त्यात वावराची लाईन रातची आहे नं बापा. दिवसा मोटर बसवून का आरती ओवाळू तिची? सांजपर्यंत भेटली तं झालं."

नत्थू हातातल्या तारेकडे पाहत राहिला. केव्हा पाहिजे, हे त्याने तिला विचारलेच नव्हते. तिलाच काय, कोणालाच नाही. मोटर दारात आली की ती आत्ताच पाहिजे, असे तोच धरून चालला होता.

"विचाराचं होतं नं जी," उषाबाई हळूच म्हणाली.

तेवढ्यात तिच्या कमरेला खोचलेला फोन थरथरला. तिने तो काढला, नाव पाहिले, आणि द्यावा की नाही अशी क्षणभर थांबली. मग दिला.

"बोल परसरामभाऊ," नत्थू म्हणाला. "आन..." तो अडखळला. त्याने उषाबाईकडे पाहिले. घसा साफ केला. "केव्हा पाहिजे?"

पलीकडे परसराम मोठ्याने हसला. तिघांनाही ऐकू आले.

"केव्हा म्हंजे? आत्ताच! तुह्याच गल्लीत वळलो पाहा."

फोन बंद झाला. उषाबाईने द्रोण त्याच्या हातात ठेवला. नत्थूने तो कपाळाला लावला आणि काल्याचा घास उचलला. दही अजून थंड होते.

शटरबाहेर फटफटी येऊन थांबली.

"नत्थूभाऊ, ओ नत्थूभाऊ!"

घास ओठांपाशी आला होता. दोघी बायका त्याच्या हाताकडे पाहत राहिल्या.