चारशे बारा स्लीपर

"आजोबा, दगड कुठेही ठेवला तरी दगडच ना?" असं म्हणून साहेब स्वतःच्याच विनोदावर हसला.

म्हटलं, "तुमच्या डोक्याकडे बघून पटलं." त्याला कळायला वेळ लागला.

बंद पडलेल्या आमच्या रेल्वे लाइनीचा या साहेबलोकांनी 'निसर्गपथ' केला. रूळ उचलले, खालचे स्लीपर विकले, खडीवर लाल माती पसरली. म्हणे निसर्ग जपतात! तीस वर्षं आम्ही रूळ राखणारे गँगवाले जी झुडपं उपटून मेलो, ती आता दुर्मिळ झाली. ती गळ्यात नावाच्या पाट्या घालून मिरवतात. वर किलोमीटरचे दगड उपटून फाटकाशी ओळीने मांडले, पिवळे रंगवले. बावीसच्या शेजारी एकोणसाठ, मग सात. अकलेचे कांदे!

त्यांत एक्केचाळीसचाही दगड होता. त्याच्यापाशी माझा मोठा भाऊ गेला. आमच्या गँगचा मुकादम तो. धुक्यात इंजिनाने उडवला. वहिनी उद्या कायमची लेकीकडे चालली होती. "भावजी, एकदा जागा दाखवा. मी काय आता परत येते?" म्हणाली. साहेबाला विचारायला गेलो, तर ती जागा त्याच्या नकाशातही नव्हती.

माझ्या पायांत होती. जन्मभर स्लीपरवरून चाललेल्या माणसाचं पाऊल स्लीपरच्या मापाचंच पडतं. "नव्या नवरीसारखं काय चालता!" म्हणून बायको हसायची. पुलापासून तो दगड चारशे बारा स्लीपरवर. भाऊ गेल्यावर मी रोज मोजत जायचो. कुणाला सांगितलं नाही, पण मोजायचो.

पुलापासून निघालो. मागे वहिनी, गुडघे धरत. एकशे नव्वदला कानात गाण्याची बोंडं घातलेली एक बाई आडवी आली. "काका, चालताना हात हलवा, हृदयाला चांगलं असतं!"

झालं! आकडा गेला.

"वहिनी, परत पुलापासून यावं लागेल."

"चला," ती म्हणाली. कपाळावर आठी नाही. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्यांदा मान वर केली नाही. चारशे दहा, अकरा, बारा. कडेला दगडाच्या जागी बदकाच्या आकाराची कचरापेटी! चोचीत केळ्याची सालं. तोंडात आलेल्या शिव्या वहिनीसाठी गिळल्या आणि ते बदक उचलून चार हात लांब नेऊन ठेवलं.

"हे पडले कुठे?" वहिनीने विचारलं.

मी वाटेच्या मधोमध बोट दाखवलं. ती तिथे गेली, चपला काढल्या आणि उभी राहिली.

मागून घंटी वाजली. चकचकीत टोपीतला एक सायकलवाला ओरडला, "ओ आजी, बाजूला व्हा! ही सायकलची लेन आहे!"

वहिनी हलली नाही. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. आणखी दोनदा घंटी वाजवून, पुटपुटत, तो खाली गवतात उतरला आणि वळसा घालून गेला.