पेठेचं एकच नाव

जोतीरामचा गुडघा गेला आणि फुटबॉल सुटला, त्याला पाच वर्षं झाली होती. बुटका, चपळ, कुठून चालून येईल याचा नेम नाही, म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत शिवाजी पेठेनं त्याचं नाव 'जपान' ठेवलं होतं आणि डोक्यावर घेऊन नाचवलंही होतं. आता तो गुळाच्या अडतीत कारकुनी करत होता आणि कुणी ओळख देत नव्हतं. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय!

त्रेपन्न साली एका साप्ताहिकानं टूम काढली. खेळ सोडलेल्यांत सगळ्यांत लोकप्रिय कोण? कूपनावर एक नाव लिहा, खाली सही करा. एक मत मिळालं तरी नाव यादीत छापणार होते. जोतीरामला पहिला नंबर नको होता. नाव कुठंतरी तळाला छापून यावं आणि ते कालिंदीनं वाचावं, एवढीच आस होती. ती लग्न होऊन आली तेव्हा गुडघा गेलेलाच होता. नवऱ्याचा खेळ बिचारीनं फक्त लोकांच्या तोंडून ऐकला होता.

पण मंगळवार पेठ एकजुटीनं त्यांच्या आकारामला मतं देणार अशी कुणकुण लागली आणि तालमीत बैठक बसली. वस्ताद आण्णांनी निकाल दिला. मतं फुटली तर पेठेचं नाक कापलं जाईल, तेव्हा सगळी कूपनं जुन्या कप्तानाला, गणपतरावाला. घरोघरून सह्या केलेली कोरी कूपनं गोळा झाली. ती भरायला मोत्यासारखं अक्षर कुणाचं, तर जोतीरामचं.

"मनाला लावून घिऊ नगंस," आण्णा म्हणाले. "तू घरचाच हाईस की."

ज्यांनी खेळ शिकवला त्यांना नाही म्हणायला जीभ उचलेना.

रविवारी सकाळी आण्णा शेजारी बसून एकेक कूपन पुढं सरकवत होते. दोनशेवर गणपतराव लिहून जोतीरामचा हात भरून आला. मग चार घड्या घातलेलं एक कूपन निघालं. त्यावर पेन्सिलीनं, वाकड्यातिकड्या अक्षरांत आधीच नाव होतं, जोतीराम. खाली सही कालिंदीची. लग्नाला चार वर्षं झाली, पण उखाण्याखेरीज तिनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. त्यानं कूपन तळहाताखाली झाकलं.

"ह्ये एक ऱ्हाऊ द्या, आण्णा."

"तुझ्या घरचं सोडलं, तर बाकीच्यास्नी कुठल्या तोंडानं सांगू?" आण्णांचाही आवाज पडला होता. त्यांनी खोडरबर पुढं केलं.

जोतीरामनं आपलं नाव खोडलं. कागद फाटू नये म्हणून हळूहळू खोडलं.

दोन आठवड्यांनी यादी आली. आकारामच पहिला, गणपतराव दुसरा. कालिंदीनं भाकरी तव्यावर तशीच सोडली आणि ओळीवर बोट ठेवत शेवटापर्यंत वाचलं. मग पुन्हा वरून वाचलं.

"माझं तरी एक मत असाय पायजे हुतं," ती म्हणाली. "माझी सही चुकली आसंल का वो?"

त्याला तिच्याकडं बघवेना.

"चुकली आसंल," तो म्हणाला.